वाट पाहणाऱ्यांचं देणं

विद्यार्थ्यांच्या यशाची बातमी छापायचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. मथळ्यात ‘सुयश’ हवंच. फोटोत प्रमाणपत्र छातीशी धरलेले चार-पाच चेहरे, त्याखाली मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव, आणि शेवटच्या परिच्छेदात संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख अशा सर्वांनी अभिनंदन केल्याची नोंद. पुष्कळदा ही यादी मूळ बातमीपेक्षा लांब असते. आमची बातमीही याच साच्यातून निघाली. नगरच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. उसाच्या वाहतुकीवरच्या आमच्या प्रकल्पाला ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेत विद्यापीठ पातळीवर बक्षीस मिळालं, एवढंच तिच्यात होतं. माझं नाव बरोबर छापलं होतं. गावाचं चुकलं होतं.

आता मी स्वतः इंजिनिअरिंगच्या मुलांना वाहतूक शिकवते आणि दरवर्षी अशा बातम्यांचा मजकूर मीच लिहून देते. अध्यक्षांपासून विभागप्रमुखांपर्यंत यादी पाठ झाली आहे. पण लिहिताना दर वेळी वाटतं, की हे संशोधन ज्यांच्या जिवावर झालं ते या चौकटीत मावत नाहीत. वाहतुकीचं संशोधन म्हणजे शेवटी काय, तर कोण किती वेळ कशाची वाट पाहतं याचा हिशेब. माणसं फाट्यावर गाडीची वाट पाहतात, उसाच्या गाड्या कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, नंबराची. हा हिशेब मांडणाऱ्याला पदवी मिळते. वाट पाहणाऱ्याला काही मिळत नाही. माझ्यावर ज्यांचं देणं आहे ते बहुतेक असे वाट पाहणारे आहेत. त्यांची नावं मी इथंही लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही ते पुढं कळेल.

माझं गाव पाथर्डी तालुक्यातलं, तिसगावपासून आडबाजूला. तालुक्याला रेल्वे नाही. होळीच्या सुमारास मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथं गाढवांचा मोठा बाजार असतो. वाहतुकीचं साधन म्हणून आमच्याकडं बाहेरचे लोक कौतुकानं बघायला येतात ते हेच. बाकी सगळा भार एस.टी.वर. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं. आई आणि आप्पा गाडीसेंटरला जायचे. म्हणजे बैल स्वतःचे, टायरगाडी कारखान्याची, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत परत यायचं नाही. मी आज्जीजवळ राहायचे.

गावातली शाळा चौथीला संपायची. पुढं तिसगाव. आज्जीचं म्हणणं होतं की पोरीनं रोज एवढं लांब चालत जाऊ नये, आणि रोजच्या तिकिटाला पैसे नव्हते. म्हणजे प्रश्न मिटल्यातच जमा होता. तो पुन्हा उघडला गेला तो एका पासामुळे. १९९६-९७च्या सुमारास एस.टी.नं ग्रामीण भागातल्या मुलींसाठी मोफत प्रवासाची योजना आणली होती आणि तिला अहिल्याबाई होळकरांचं नाव दिलं होतं. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी, आमच्याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं. आता सगळ्या जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. तेव्हा आम्हाला इतिहास ठाऊक नव्हता. वर्गातली पोरं पैसे भरून सवलतीचा पास काढायची आणि आम्हाला ‘फुकट्या’ म्हणायची. आम्ही पोरी त्यावर चिडायचो, पण पास मात्र रोज रात्री आज्जीच्या पेटीत कुलपात जायचा.

पास असून भागत नाही, गाडी लागते. आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. रात्री शेवटची फेरी करून ती मारुतीच्या देवळापुढं उभी राहायची. ड्रायव्हर गाडीतच मागच्या लांब सीटवर झोपायचे आणि कंडक्टर देवळाच्या ओवरीत. सकाळी तीच गाडी पाथर्डीला परत निघायची आणि आम्हाला तिसगावला सोडायची. मुक्कामी गाडी ही काय चीज आहे हे शहरातल्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. डेपोतून सकाळी निघालेली गाडी आडगावाला पोहोचेपर्यंत शाळेची घंटा होऊन जाते. रात्रीच गाडी गावात असेल तरच सकाळची शाळा. ज्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली, त्या गावातल्या किती पोरी दहावी झाल्या ते कुणीतरी एकदा मोजायला हवं. मी थोडंफार मोजलं आहे, पण त्याबद्दल पुढं.

या गाडीवर बरीच वर्षं एकच कंडक्टर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. अंगानं शिडशिडीत, खाकी कपड्यांना कडक इस्त्री, काखेत तिकिटांची पेटी, बोटांत तिकिटं पंच करायचा चिमटा. तो चिमटा ते दांडीवर वाजवायचे, त्या आवाजावरून मागच्या सीटवरच्यांनाही कळायचं की मामा कुठवर आलेत. गाडी सुरू झाली, तिकिटं फाडून झाली की ते पुढच्या सिंगल सीटवर बसून वेबिल भरायचे. वेबिल म्हणजे आडव्या रकान्यांचा लांबलचक कागद. टप्पा आला की प्रत्येक भाड्याच्या गठ्ठ्यावरचा चालू नंबर त्यात उतरवायचा. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरचा. आधीच्या टप्प्याचा नंबर आताच्या नंबरातून वजा केला की मधल्या टप्प्यात किती तिकिटं फाटली ते कळतं. हलत्या गाडीत, गुडघ्यावर पॅड ठेवून, ते हा हिशेब डोक्यात करायचे. मी शेजारी उभी राहून बघायचे. पुढं एम.टेक.ला ‘मूळ आणि गंतव्य स्थानांची सारणी’ असं भारदस्त नावाचं प्रकरण आलं, तेव्हा मला ते पानभर कोष्टक ओळखीचं वाटलं. मामांचं वेबिलच होतं ते, नुसतं टाय लावून आलेलं.

एका हिवाळ्यात अशी कुणकुण लागली की आमची मुक्कामी फेरी बंद होणार. भारमान कमी. हा शब्द मी पहिल्यांदा मामांकडून ऐकला.

“भारमान म्हंजे काय ओ मामा?”

“गाडीत शिटं किती आन् त्यातली भाड्याची भरली किती. निम्मी भरली तर पन्नास टक्के. तुमच्या गावाला तेवढं पण भरत न्हाई.”

“पण आम्ही तर रोज उभं राहून जातोय.”

“तुम्ही पासावर जाता. तिकीट फाटत न्हाई. डेपोत कुनी इचारलं तर सांगता यावं म्हनून पासवाल्या पोरी मी येगळ्या मोजून ठेवतो. पन मला इचारनार कोन?”

नोकरीतला माणूस, फेरी चालू ठेवा असं तो वर सांगू शकत नव्हता. मग एका रात्री त्यांनी देवळाच्या ओवरीत आज्जीला, आणखी दोन-चार म्हाताऱ्यांना आणि पोस्टमनला बसवून घेतलं आणि काय काय लागेल ते तोंडी सांगितलं. ग्रामसभेचा ठराव. मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात शाळा भरायची आणि सुटायची वेळ. पासधारक मुलींची यादी, पास नंबरासकट. सगळं डेपो मॅनेजरच्या नावानं, एक प्रत नगरला विभाग नियंत्रकांना. यादी मी लिहिली, कारण अक्षर माझं बरं होतं. शेवटी मामा म्हणाले, “माझं नाव कुठं घिऊ नका.” फेरी राहिली. सरपंचांचा सत्कार झाला. मामा त्या वेळी गाडीत वेबिल भरत बसले होते.

त्यांनी नाव घेऊ नका म्हटलं होतं आणि मी तो शब्द पाळते आहे. पण एस.टी.त नाव राहिलेली माणसंही आहेत आणि त्यांचा आमच्या जिल्ह्याला अभिमान आहे. १ जून १९४८ला राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. एवढ्या मोठ्या महामंडळाच्या जन्माची गोष्ट सांगताना मंत्र्यांच्या आधी ड्रायव्हर-कंडक्टरचं नाव निघतं, ही मला फार योग्य गोष्ट वाटते. विद्यापीठांनी हा धडा घ्यायला हरकत नाही.

आता गव्हाणीकडं वळते.

दिवाळीच्या सुट्टीत आज्जी मला आई-आप्पांकडं पोहोचवायची. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या, पहाटे तीनला तोड सुरू, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची. टायरगाडीत दोन-अडीच टन ऊस सहज बसतो. भरणं हे कसबाचं काम. गाडीला आस एकच, चाकं दोन. पुढं भार झाला तर जू बैलाच्या मानेवर दाबतं. मागं झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि सापत्या गळ्याला काचतात. आप्पा गाडी भरून झाली की जुवाखाली तळहात घालून बघायचे. हात सहज निघाला पाहिजे पण मोकळा वाटता कामा नये, असं त्यांचं माप होतं. मग दोन मोळ्या पुढून मागं किंवा मागून पुढं. आमच्या नगरात व्ही.आर.डी.ई. आहे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, जिच्या चाचणीमार्गांवर लष्करी गाड्या घासूनपुसून तपासल्या जातात. त्याच जिल्ह्यात बैलाच्या मानेवरचा भार मोजायचं माझ्या माहितीतलं एकमेव उपकरण आप्पांचा तळहात होता.

गाडी कारखान्यावर पोहोचायची दिवस मावळताना. आधी काटा, मग गव्हाणीचा नंबर. पुढं शेकडो गाड्या. बैल सोडून वाढे टाकायचे आणि गाडीखाली घोंगडी अंथरायची. मळीचा वास, बगॅसची धूळ, भोंगा, आणि दर थोड्या वेळानं रांग एक गाडी पुढं सरकली की सगळ्यांनी उठून गाडी ओढायची. गाडी रिकामी होऊन आप्पा परत यायचे तोवर पुढची तोड सुरू व्हायची वेळ झालेली असायची. झोप कधी घेतात हे मला लहानपणी कळायचं नाही. मोठी झाल्यावर कळलं की ते घेतच नव्हते.

आणि तरीही मला इंजिनिअर केलं ते साखरेनंच. १९८३मध्ये राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, तेव्हा आमच्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशी तीन एकाच वर्षी उभी राहिली. तिन्हींच्या पाठीशी साखर कारखानदारी. पुण्या-मुंबईला जायची ऐपत नसलेल्या पोरांना पुणे विद्यापीठाची पदवी मग उसाच्या शेताशेजारी मिळू लागली. मी अशाच एका कॉलेजात शिकले. ज्या ऊसतोडीनं आप्पांचा कणा वाकवला तिच्याच पैशातून माझ्या वर्गाच्या भिंती उभ्या राहिल्या असतील, हा विचार मला सुखाचा नाही आणि टाळताही येत नाही. या बाबतीत माझं देणं कुणाचं, कारखान्याचं की कोयत्याचं, हे मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. कोयत्याचं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पाला विषय हवा होता. बाकीची मुलं तयार प्रकल्प आणत होती, मी गप्प बसले होते. मार्गदर्शक सरांनी विचारलं, “तुझे वडील काय करतात?” मी सांगितलं. मुलाखतीत हा प्रश्न आला की पुढं सहानुभूती येते, तिची मला सवय होती. सर म्हणाले, “गव्हाणीत किती वेळ थांबावं लागतं?”

“रात्रभर.”

“रात्रभर हे मत झालं. घड्याळ लावून सांग.”

सरांचा हाच स्वभाव. रांगेचं गणित त्यांनी आम्हाला फळ्यावर नाही शिकवलं. डेन्मार्कचा एरलांग नावाचा गणिती १९०९मध्ये टेलिफोन एक्स्चेंजवर येणाऱ्या कॉलचा अभ्यास करत होता, तिथून हे शास्त्र सुरू झालं, एवढी गोष्ट सांगितली आणि म्हणाले की कॉल काय अन् गाडी काय, येण्याचा दर आणि सुटण्याचा दर कळला की रांग कळते. आता जा आणि दर आणा. आणि नुसतं ‘जा’ म्हणून थांबले नाहीत. मफलर गुंडाळून स्वतः यार्डात येऊन बसले. हॉस्टेलच्या मुलीला रात्री बाहेर राहायची परवानगी कशी द्यायची हा प्रश्न रेक्टरबाईंना पडला, तेव्हा सरांनी अर्जावर लिहिलं, “विद्यार्थिनीचे वडील प्रयोगस्थळी हजर असतील.” ते खरंच होतं. त्या हंगामात आप्पांचं गाडीसेंटर त्याच कारखान्यावर होतं.

मोजणीची अडचण वेगळीच निघाली. वही-पेन्सिल आणि टॉर्च घेऊन आम्ही चौघं रांगेत शिरलो की गाडीवान गप्प व्हायचे. कुणाला वाटायचं कारखान्याचा माणूस, कुणाला मुकादमाचा. एकानं चुकीची वेळ सांगितली, दुसऱ्यानं बैल पुढं घेतले. मग आप्पा उठले. खडू घेऊन ते काट्यापाशी उभे राहिले आणि येणाऱ्या दर गाडीच्या साठ्यावर नंबर टाकू लागले. “पोरीचं कॉलेजाचं काम हाय, राहू द्या तेवढा आकडा,” असं प्रत्येकाला सांगत. आम्ही गव्हाणीच्या तोंडाशी तो आकडा आणि वेळ लिहून घ्यायचो. एवढं साधं. पण खडू आमच्या हातात असता तर हे झालं नसतं. सर्वेक्षणाच्या पुस्तकात नमुना कसा निवडावा यावर पन्नास पानं असतात, खडू कुणाच्या हातात द्यावा यावर एकही नाही.

कागदावर आकडे मांडले तेव्हा गाड्यांचा सगळा लोंढा संध्याकाळच्या तीन-चार तासांत येतो आणि पहाटे यार्ड जवळजवळ मोकळं असतं, हे दिसलं. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला तर बरा, पुढं वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. म्हणजे ही रांग कारखान्यालाही परवडणारी नव्हती. आम्ही मोठ्या उत्साहानं दुसरी गव्हाण, वेगळा काटा, क्रेन असे उपाय लिहून काढले. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तोड समद्यांची एकाच येळेला सुरू व्हती. मंग गाड्या बी एकाच येळेला येनार. गव्हान वाढवून काय करता? निम्म्या सेंटरांना दुपारी तोडाया लावा.” सर हसले नाहीत. त्यांनी आमची क्रेनची पानं बाजूला ठेवली आणि म्हणाले, “हे गणितात बसवा.” बसलं. बक्षीस मिळालं ते त्या वाक्याला. अहवालाच्या ऋणनिर्देशात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनंतरची ओळ सरांनी स्वतः सांगितली: गव्हाणीतील सर्व गाडीवान. बातमीत ती ओळ आली नाही. एका कारखान्यानं आमचा अहवाल ठेवून घेतला, चहा दिला आणि पुढच्या हंगामात तोड पूर्वीसारखीच पहाटे सुरू झाली.

पुढं पुण्यात वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. केलं. तिथं बसच्या थांब्यावर थांबायच्या वेळेचं प्रसिद्ध सूत्र शिकले. दर वीस मिनिटांनी नेमानं बस येत असेल, तर केव्हाही थांब्यावर येणारा माणूस सरासरी दहा मिनिटं थांबतो. पण बस अनियमित झाल्या तर सरासरी वाढते, कारण लांब खंडातच जास्त माणसं सापडतात. सुंदर सूत्र आहे. मी ते आमच्या गावाला लावून बघितलं आणि अडकले. आमच्या गावाला सकाळी गाडी एकच. ती चुकली तर वाट वीस मिनिटांची नसते, दिवसाची असते, आणि त्या दिवसाची शाळा बुडते. इथं मिनिटं मोजून उपयोग नव्हता. मी शाळेचे बुडालेले तास मोजायचं ठरवलं आणि प्रबंध त्यावर लिहिला. मार्गदर्शकांना सुरुवातीला हे वाहतुकीपेक्षा समाजशास्त्राचं वाटलं.

त्यांची खात्री पटवली ती धनंजयराव गाडगिळांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. तिथं मला त्यांचं आणि एल. व्ही. गोगटे यांचं १९३५चं पुस्तक मिळालं: मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी. एस.टी. जन्मायच्या तेरा वर्षं आधी! ‘मोटार व्हेइकल्स अ‍ॅक्ट’ यायचा होता १९३९ला. खाजगी मोटारी धुरळा उडवत गावोगाव धावत होत्या आणि एका अर्थशास्त्रज्ञाला वाटलं की हे मोजलं पाहिजे. संस्था स्थापन होऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. बस हा अर्थशास्त्राचा विषय आहे, समाजाचा विषय आहे, हे त्या मुखपृष्ठावरूनच दिसत होतं. मी ते पुस्तक मार्गदर्शकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पुढं वाद झाला नाही.

मग गाडगिळांचं बाकीचंही चाळलं. १९४८मध्ये गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवर त्यांचा पाहणी-ग्रंथ निघाला. तो सगळा आमच्या मुलखाचा. आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना काढला, १९५०च्या सुमारास त्याचं गाळप सुरू झालं, तेव्हा त्याचे अध्यक्ष कोण, तर हेच गाडगीळ. बस त्यांनी मोजली, कालवा मोजला आणि मग साखरेच्या व्यवहारात स्वतः उतरले. माझं आख्खं आयुष्य या तीन गोष्टींच्या आतच गेलं आहे. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाचं देणं मानायचं असेल तर माझ्यासाठी ते हे. एक तक्रारही आहे. कालव्याच्या पाण्यावर जो ऊस वाढला तो तोडायला कालवा नसलेल्या तालुक्यांतून माणसं आली. त्यांच्या वाटेची, त्यांच्या गाड्यांची, त्यांच्या पोरांच्या शाळेची तशीच तपशीलवार पाहणी पुढच्या पिढ्यांनी करायला हवी होती. जेवढी व्हायला हवी तेवढी झाली नाही.

देणं नेहमी आधीच्यांचंच असतं असं नाही. २०२२च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांचं काम देशभर गाजलं. त्यांनी उसाच्या बैलगाडीला पुढं, दोन बैलांच्या मधोमध, जुवाला आधार देणारं तिसरं चाक बसवलं आणि त्याला नाव दिलं ‘सारथी’. मानेवरचा भार चाक घेतं. बैलगाडी सुधारा असं बंगळूरच्या आयआयएमचे संचालक एन. एस. रामस्वामी १९७०च्या दशकापासून कळकळीनं सांगत आले होते. इतक्या वर्षांनी ऊसपट्ट्यातल्याच पोरांनी हे करून दाखवलं. आम्ही गाड्यांची रांग मोजली होती. ही मुलं थेट बैलाच्या मानेपाशी गेली.

मी तो व्हिडिओ आप्पांना दाखवला. आता ते गावीच असतात, बैल कधीच विकले. त्यांनी तो मोबाइल डोळ्याजवळ धरून दोनदा पाहिला. उजवा तळहात नकळत उताणा झाला होता. मग म्हणाले, “झ्याक हाय. डांबरीवर चांगलं चालंल. फडातून भरली गाडी काढताना चाकोरीत कसं वळतंय ते बघाया सांग त्यास्नी.” ही सूचना मी पत्रानं कळवली. संशोधनाच्या भाषेत याला समीक्षकाचा अभिप्राय म्हणतात आणि त्याखाली नाव नसतं. इथं मात्र ते असायला हवं होतं.

माझ्या विद्यार्थ्यांच्या कामाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ एस.टी.चा संप चालला, तेव्हा माझ्या दोन विद्यार्थिनींनी आडगावांत फिरून मुलींच्या शाळेच्या हजेरीचा माग काढला. गाड्या परत सुरू झाल्या तेव्हा परत न आलेल्या मुलीही त्यांना भेटल्या. एकीचं लग्न झालं होतं, एक आईबरोबर फडावर गेली होती. त्या प्रकल्पालाही बक्षीस मिळालं, बातमी आली, अध्यक्षांनी अभिनंदन केलं. पण तेव्हापासून प्रमाणपत्रांबरोबर एक नवा नियम मी विभागात लावून घेतला आहे. ज्यांनी माहिती दिली, ज्यांनी खडू हातात घेतला, त्यांना अहवाल मराठीत, दोन पानांत, समक्ष जाऊन वाचून दाखवायचा. तोवर प्रकल्पाला गुण नाहीत. मुलं कुरकुरतात. पहिल्याच वर्षी एका गटाचे आकडे एका वाहतूक नियंत्रकांनी तिथल्या तिथं दुरुस्त करून दिले, तेव्हापासून कुरकुर कमी झाली.

मामा निवृत्त झाले त्या वर्षी मी पुण्यात होते. ते आता नाहीत. त्यांनी देवळाच्या ओवरीत जे सांगितलं ते आजही जसंच्या तसं उपयोगी आहे, म्हणून ते इथं देते आणि थांबते. मुलींना आता बारावीपर्यंत पास मोफत आहे. मुलांना भाड्याचा एक तृतीयांश भरावा लागतो. २०२४पासून पास शाळेतच द्यायची मोहीम एस.टी.नं सुरू केली आहे, पण त्यासाठी शाळेनं मुलांची यादी डेपोला द्यावी लागते. तुम्ही मुख्याध्यापक असाल, सरपंच असाल किंवा नुसते पालक असाल, तर मे महिन्यातच डेपो व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज करा. शाळेची वेळ लिहा, ती बदलणार असेल तर तेही लिहा. पासधारकांची यादी जोडा, ग्रामसभेचा ठराव जोडा, एक प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा. अर्ज हातोहात द्या आणि पोच घ्या.